परत जाणाऱ्या पोराला घर कशाला?

जालना जिल्ह्यात प्रतिपालक कुटुंबाचा, म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळण्याचा, विषय कुठेही काढा, शाळेच्या स्टाफरूममध्ये, मोंढ्यातल्या आडतीवर किंवा लग्नाच्या पंगतीत, विरोध करणारा माणूस सहसा वाईट नसतो. बऱ्याचदा त्यानेच भाच्या-पुतण्यांपैकी एखाद्याला घरी ठेवून शिकवलेलं असतं. म्हणून त्याचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. ते साधारण असं असतं: "मूल पाहिजे तर दत्तक घ्या, कागदोपत्री आपलं करा. नाहीतर आश्रमाला चार पोती गहू द्या. हे मधलंच काय? लेकराला घरात आणायचं, जीव लावायचा, अन् दोन वर्षांनी त्याची माय आली की हात धरून देऊन टाकायचं, व्हय?" त्याला जोडून बाकीचं येतं. आपल्याकडे मामा-चुलते आहेत, ही साहेबाची फॅडं कशाला? सरकार पैसे देणार म्हणजे लोक पैशासाठी पोरं घेतील. पोरगी असली तर जबाबदारी कुणाची? आणि सगळ्यात शेवटी, आवाज जरा खाली आणून, जमिनीच्या वाट्याचा आणि जातीचा प्रश्न.

मला या प्रत्येक मुद्द्याशी भांडायचं आहे, पण सगळ्यांशी सारखं नाही. काही दोन वाक्यांत निकाली निघतात, एक-दोन मुद्दे खरोखर अवघड आहेत.

"दत्तकच घ्या" म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तान्हं बाळ असतं, पाळण्यात टाकलेलं, मागेपुढे कुणी नसलेलं. अशी बाळं थोडी असतात आणि त्यांना घरांची वाण नाही. देशात दत्तकासाठी नोंदणी करून थांबलेली कुटुंबं तीस हजारांच्या वर आहेत. वर्षाकाठी दत्तक जाणारी मुलं चार-साडेचार हजार. तान्ह्या बाळासाठी तीन-तीन वर्षं थांबावं लागतं. घर मिळत नाही ते दुसऱ्याच पोराला. कुठल्याही बालगृहाच्या ओसरीवर तासभर बसा, म्हणजे कळतं की तिथल्या बहुतेक मुलांना कुणी ना कुणी आहे. बाप गेलेला आणि आई मजुरीला पुण्याकडे. आई गेलेली आणि बाप बाटलीत. आई मनाच्या आजारानं खचलेली. बाप तुरुंगात. किंवा आईनं दुसरं घर केलेलं आणि त्या घरानं पहिल्या नवऱ्याचं पोर नको म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवलेलं.

असा एक नऊ वर्षांचा मुलगा मी पाहिला आहे. त्याची आई दिवाळीच्या आसपास एकदा यायची. येताना शेव, चिवडा आणि नवी चप्पल आणायची. चप्पल दर वेळी एक नंबर लहान निघायची, कारण तिच्या लक्षात राहिलेला पाय मागच्या वर्षीचा असायचा. पोरगं ती चप्पल टाच बाहेर ठेवून आठवडाभर घालायचं. आता या मुलाला दत्तक कोण देणार? आईनं त्याला सोडलेलं नाही, रीतसर समर्पणही केलेलं नाही. बालकल्याण समितीनं त्याला दत्तकासाठी मुक्त जाहीर करावं तर ती आई दरवर्षी येते. तिच्या घरी पाठवावं तर ते घर त्याला घेत नाही. मग राहिलं काय? अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत लोखंडी खाट, पत्र्याची पेटी आणि पाटीवर नाव लिहिलेला दाता.

या मुलासाठी २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ४४ आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल बालकल्याण समितीच्या आदेशानं, तपासून निवडलेल्या, नात्याबाहेरच्या कुटुंबातसुद्धा थोड्या किंवा लांब मुदतीसाठी ठेवता येतं. खर्चाला सरकारनं महिन्याला पैसे द्यायचे. आई-बापांना भेटू द्यायचं, मुलाच्या हिताआड येत नसेल तर. भावंडं शक्यतो वेगळी करायची नाहीत. समितीनं दरमहा पाहणी करायची. आणि जे मूल दत्तक जाऊ शकतं त्याला लांब मुदतीच्या प्रतिपालनात अडकवून ठेवायचं नाही, असंही त्याच कलमात लिहिलं आहे. म्हणजे दत्तक आणि प्रतिपालन यांत "हे की ते" अशी निवड नाहीच. दोन्ही वाटा दोन वेगळ्या पोरांसाठी आहेत. दत्तकाचा सल्ला देऊन आपण त्या नऊ वर्षांच्या मुलाबद्दल बोलायचंच टाळतो.

जाता जाता एक इशारा. "समिती-फिमिती कशाला, त्या बाईला चार पैसे देऊ आणि लेकरू घरी आणू" असं म्हणणारेही भेटतात. अनाथ, टाकलेलं किंवा समर्पित मूल रीत सोडून परस्पर दत्तक देणं-घेणं हा कलम ८० खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. भावना कितीही चांगली असो.

आता मुख्य हरकत. जीव लावायचा आणि परत द्यायचं.

दुःख होतं, यात वाद नाही. पण कुणाच्या दुःखाचा हिशेब आपण मांडतोय ते एकदा बघू. मूल दोन वर्षं घरात राहून गेलं की घर रिकामं वाटतं ते मोठ्या माणसांना. ते त्या दुःखातून सावरू शकतात. त्यांच्याकडे एकमेकं आहेत, शेजार आहे, शेतीवाडी आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मात्र ती दोन वर्षं पुन्हा मिळत नाहीत. रात्री ताप आला तर कुणाच्या कपाळाला हात लावायचा, शाळेत मार खाल्ला तर कुणाला सांगायचं, ताटातली भाजी आवडली नाही तर कुणापुढे रुसायचं, या गोष्टी त्याच वयात शिकायच्या असतात. साठ मुलांच्या पंगतीत रुसायची सोय नसते. मोठ्यांचं काळीज दुखू नये म्हणून मुलाला त्या सगळ्यालाच मुकवायचं, असा हा युक्तिवाद आहे. तो प्रेमाच्या भाषेत बोलला जातो म्हणून पटकन उघडा पडत नाही.

आणि हे कोण बोलतं? ज्या समाजात लेकीला "परक्याचं धन" म्हणत वीस वर्षं वाढवतात, खाऊपिऊ घालतात, शिकवतात, वर कर्ज काढून मांडवातून दुसऱ्याच्या हाती देतात, त्या समाजाला अचानक वाढवून देऊन टाकण्याची भीती वाटू लागते! निरोपाचा सराव आपल्याला भरपूर आहे. अडचण निरोपाची असती तर मुलींची लग्नंच झाली नसती.

मूल आपल्या माणसांत परत जाणं, हेच तर इथे साध्य करायचं असतं. आईला काम मिळालं, आजार आवरला, बाप सुटून आला, आणि घर पोराला घ्यायला तयार झालं, तर प्रतिपालक कुटुंबानं आपलं काम नीट पार पाडलं. आणि प्रत्येक मूल परत जातंच असंही नाही. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, मूल दत्तकासाठी कायद्यानं मोकळं झालं तर ज्या कुटुंबानं त्याला दोन वर्षं सांभाळलं त्यांना ते दत्तक घेता येतं. पूर्वी हीच अट पाच वर्षांची होती. त्याच सूचनांनी एकट्या माणसांनाही दार उघडलं. अविवाहित, विधवा, घटस्फोटित बाई मुलगा-मुलगी कुणालाही सांभाळू शकते. एकट्या पुरुषाला फक्त मुलगा देता येतो. आपल्याकडे तालुक्याच्या गावी एकट्या राहणाऱ्या किती शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेविका आहेत हे मोजा आणि मग "घेणार कोण" असं विचारा.

घरापेक्षा संस्था बरी, तिथे शिस्त असते, डॉक्टर असतो, असंही सांगितलं जातं. यावर एक परदेशी दाखला देतो, कारण तो नेमका या वादासाठीच केलेला प्रयोग होता. रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीनंतर मुलांनी भरलेले आश्रम उरले. २००० च्या सुमारास अमेरिकन संशोधकांनी बुखारेस्टच्या सहा संस्थांमधली १३६ लहान मुलं निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागली. निम्मी संस्थेतच राहिली, निम्मी प्रतिपालक कुटुंबांत गेली. त्या शहरात तेव्हा अशी कुटुंबं जवळजवळ नव्हतीच, ती शोधून तयार करावी लागली. २००७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष आले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धीची वाढ संस्थेतल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती, आणि जितक्या लहान वयात मूल घरात गेलं तितका फायदा अधिक. ती मुलं तान्ही होती आणि आपल्याकडे प्रतिपालनात सहा वर्षांवरची मुलं द्यायची असतात, म्हणून दाखला जसाच्या तसा लागू होत नाही, हे मान्य. पण त्यातून निघणारा अर्थ आपल्याकडचा कुठलाही अधीक्षक खाजगीत कबूल करतो: संस्था कितीही चांगली असली तरी पाळीपाळीनं बदलणारे काळजीवाहक आणि घरातलं एकच माणूस यांत फरक आहे.

संस्थांना शिव्या घालणं माझ्या मनात नाही. मराठवाड्यात अनेकांनी स्वतःचं घरदार विकून त्या उभ्या केल्या, आणि त्या नसत्या तर ही मुलं जालन्याच्या फलाटावर असती. पण परिपोषण अनुदान डोक्यामागे मिळतं. मूल कमी झालं की अनुदान कमी. अशा व्यवस्थेत मुलाला बाहेर घर शोधून देण्याची घाई कुणाला असणार? शिवाय बंद दारामागे काय होतं ते बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहानं २०१८ मध्ये दाखवलं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पाहणी पथकानं आत जाऊन मुलींशी बोलल्यावर तिथले अत्याचार बाहेर आले. सरकारी कागदांवर तोवर सगळं आलबेल होतं.

आता नात्यांचा मुद्दा, आणि इथे जरा थांबायला हवं. कारण "आपल्याकडे नाती आहेत" हे खरं आहे. इतकं खरं की त्याच्याच आधारे मी म्हणतो, हा जिल्हा प्रतिपालन कधीपासून करतो आहे.

दिवाळी झाली की मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड भागातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चूल, पत्रे, शेळी, कडेवरचं पोर. शाळेत जाणारी पोरं आजीकडे, मावशीकडे, आत्याकडे, कधी नुसत्या शेजारणीकडे. मार्च-एप्रिलपर्यंत. शाळांना जोडून हंगामी वसतिगृहांची सोय सरकारनं केली ती याचसाठी. नोव्हेंबरात हजेरीपट घेऊन बसलेल्या गुरुजींना विचारा, कोणतं पोर यंदा कुणाच्या घरी भाकर खातं ते सांगतील. म्हणजे दुसऱ्याचं पोर सहा-सहा महिने सांभाळणं, त्याला जीव लावणं आणि उन्हाळ्यात त्याच्या आईच्या हाती परत देणं, हे सगळं इथे दरवर्षी घडतं. ज्या गोष्टीला जालन्याच्या बैठकीत अशक्य म्हणतात, ती तांड्यावरची म्हातारी कुणाला न विचारता करते.

फक्त तिच्याजवळ कागद नसतो, पैसे नसतात आणि तिच्याकडे बघायला कुणी येत नाही. पोर आजारी पडलं तर दवाखान्यात सही कुणाची, हा प्रश्न उभा राहतो. आधार कार्डावरचा अंगठा जुळत नाही, शिष्यवृत्ती अडते. तिघं भावंडं असतील तर एक मामाकडे, एक आत्याकडे, एक आजीकडे अशी वाटणी होते, कारण तिघांना एकदम पोसणं एका घराच्या आवाक्यात नसतं. कायदा सांगतो भावंडं एकत्र ठेवा, पण नात्यांच्या जाळ्याला ते झेपत नाही, पैशाअभावी. आणि नाती सगळीच मायेची असतात असंही नाही. मामाच्या घरी शेण काढणारी, पोरं सांभाळणारी, शाळा सुटलेली पोरकी भाची कुणी पाहिली नाही? आपण तिला "मामानं आसरा दिला" म्हणतो. याच्या पुढची पायरी २०२२ मध्ये उघड झाली. इगतपुरी भागातल्या कातकरी वस्त्यांवरची मुलं किरकोळ रकमेत आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला ठेवली होती, एका मुलीचा जीव गेल्यावर चौकशी सुरू झाली. घरगुती सांभाळाला देखरेख नसली की तो कुठवर घसरतो, याचं ते उदाहरण आहे. "परक्या घरात पोरगी सुरक्षित कशी?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. पण तो विचारणाऱ्यांनी, जिथे कुणीच पाहणीला जात नाही अशा ओळखीच्या घरांबद्दलही तो विचारावा. प्रतिपालक कुटुंबाची निदान पोलीस पडताळणी होते, वैद्यकीय तपासणी होते, दर महिन्याला कुणीतरी मुलीशी एकटीशी बोलणं अपेक्षित असतं. हे प्रत्यक्षात किती होतं, तो प्रश्न सरकारला विचारायचा आहे, आणि तो मी खाली विचारणार आहे.

राज्याची बालसंगोपन योजना या नात्यांना थोडा टेकू देते, आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. महिन्याला ४२५ रुपयांपासून ती ११०० वर आणि २०२३ मध्ये २२५० वर आली. कोरोनात नवरे गेलेल्या बायकांसाठी कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव अर्ज भरून घेतले नसते तर ती कित्येकांना माहीतही झाली नसती. योजना चांगली आहे. पण तिचा लाभ आज मुख्यतः एकल आईला आणि आजी-आजोबांना मिळतो. ज्या मुलाला ते दोन्ही नाहीत, किंवा असून नसल्यासारखे आहेत, त्याच्यासाठी पर्यायी घर शोधायचं हा तिचा दुसरा हेतू मागे पडला. बालसंगोपनाचे अर्ज भरले म्हणून आपण प्रतिपालन केलं, असं समजण्याची सोय यातून झाली आहे.

"ही साहेबाची कल्पना" याला फार वेळ देत नाही. याच जिल्ह्यातल्या जांब गावचा नारायण ठोसर बाराव्या वर्षी लग्नाच्या मांडवातून पळाला. आजच्या कायद्यात बालविवाहाच्या उंबरठ्यावरचं मूल "काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक" ठरतं, म्हणजे समर्थ रामदासांना बालकल्याण समितीपुढे उभं राहावं लागलं असतं! ते नाशिकजवळ टाकळीला गेले आणि परंपरा सांगते की बारा वर्षं माधुकरी मागून जेवले. परक्या घरांनी त्यांना वाढवलं. पुढे पुण्या-साताऱ्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून शिकले, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या. त्या पद्धतीत एक खोट होती, ताट जातीबाहेर जात नव्हतं. ती खोट कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ साली वसतिगृह काढून मोडली, आणि तिथे सगळ्या जातींच्या पोरांची आई झालेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. साहेबाचा यात काय संबंध?

पैशाचा मुद्दा मात्र गणितानं सोडवू. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेखाली प्रतिपालनासाठी मुलामागे महिन्याला ४००० रुपये आहेत. दिवसाला १३३ रुपये. त्यात दोन वेळचं जेवण, वह्या, गणवेश, औषध, बसचं भाडं. कापूस वेचायला गेलेली बाई दिवसाला याच्या दुपटीहून जास्त घेऊन येते आणि रात्री कुणाच्या तापाला जागत नाही. पैशासाठी पोर घेणारा हा धंदा दुसऱ्याच महिन्यात बंद करील. त्यात अनुदान वेळेवर येत नाही. बालसंगोपनाचे पैसे महिनोन्महिने थकतात आणि बाया तालुक्याला खेटे घालतात, हे वर्तमानपत्रांत दर वर्षी छापून येतं. मला उलट भीती वाटते. एवढ्याशा पैशात आणि तेही थकल्यावर, चांगली पण हातावर पोट असलेली कुटुंबं पुढे येणारच नाहीत. आणि पैसे घेतले म्हणून माया खोटी कशी होते? अंगणवाडी सेविका मानधन घेते, गुरुजी पगार घेतात. त्यांची माया आपण पावतीवरून मोजत नाही.

वाट्याचा प्रश्न लोक शेवटी विचारतात, पण मला वाटतं तोच पहिला असतो. दोन एकर कोरडवाहू, त्यात तीन भाऊ. बाहेरचं पोर घरात आलं, सातबाऱ्यावर नाव लागलं तर? इथे कायदा अगदी स्पष्ट आहे आणि तो गावात कुणी सांगत नाही. प्रतिपालनातल्या मुलाला त्या घराच्या मालमत्तेत कसलाही वारसा मिळत नाही. नाव बदलत नाही, आडनाव बदलत नाही, बापाचं नाव बापाचंच राहतं. दत्तकात वारसा येतो, इथे येत नाही. एखाद्या ग्रामसभेत हे एक वाक्य नीट सांगितलं तर निम्मा विरोध तिथल्या तिथे मावळेल, असा माझा अंदाज आहे. उरलेला निम्मा जातीचा.

"पोर कुणाचं?" या प्रश्नाचा अर्थ इथे सगळ्यांना कळतो. याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. मुलाची भाषा, खाणंपिणं, धर्म, सवयी यांचा विचार समितीनं करावा हे बरोबरच आहे. आपल्या माणसांपासून आधीच तुटलेल्या पोराला ताटातलं सगळंच अनोळखी लागू नये. पण ज्याला जात विचारल्याशिवाय भाकर वाढता येत नाही त्यानं प्रतिपालक होऊ नये, आणि समितीनं त्याला होऊ देऊ नये. हे घर तपासायला येणाऱ्या समाजसेवकाला पहिल्या अर्ध्या तासात कळतं. तो न्हाणीघर कुठे आहे, मूल झोपणार कुठे, दप्तराला जागा आहे का हे बघतो, घरातल्या पोरांना "नवं कुणी आलं तर चालेल का" असं एकटं गाठून विचारतो. पाण्याचा तांब्या पुढे येतो तेव्हा त्याचं आडनाव विचारलं गेलं की नाही, हेही त्यानं टिपून ठेवावं.

मुलींचं वेगळं सांगायला हवं, कारण जालना राज्यातल्या बालविवाह जास्त होणाऱ्या जिल्ह्यांत मोडतो. चाइल्ड हेल्पलाइनला, १०९८ वर, कुणीतरी फोन करतं, ग्रामसेवक आणि पोलीस मांडवात पोचतात, हळद लागलेली पंधरा वर्षांची पोरगी समितीपुढे उभी राहते. पुढे काय होतं? आई-बाप हमीपत्र लिहून देतात, पोरगी परत त्याच घरी जाते आणि महिन्या-दोन महिन्यांत दुसऱ्या गावी, दुसऱ्या मांडवात लग्न उरकल्याच्या बातम्या आपण वाचतो. किंवा तिला बालगृहात पाठवतात, म्हणजे गुन्हा इतरांचा आणि घर सुटतं तिचं. गावापासून वीस मैलांवर एखाद्या शिक्षिकेच्या घरी ती दहावी-बारावीपर्यंत राहिली, आई सणासुदीला भेटून गेली, लग्नाचं वय झाल्यावर तिनंच काय ते ठरवलं, तर यात कुणाचं काय गेलं? लग्न थांबवणारे पुष्कळ झाले. थांबवलेल्या मुलीला ठेवायला घर नाही, म्हणून थांबवणं टिकत नाही.

आता सरकारकडे वळतो, कारण नुसत्या लोकांना बोल लावणं अर्धवट आहे. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आसपास जिल्हा महिला व बालविकास अधिकारी बसतात, त्यांच्या हाताखाली जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. प्रतिपालक व्हायचं तर अर्ज तिथे. मग गृहभेटीचा अहवाल, वैद्यकीय दाखले, पोलीस पडताळणी, मंजुरी समिती, आणि शेवटी बालकल्याण समितीचा आदेश. वाट कागदावर नीट आखलेली आहे. पण ती आहे हे कुणाला माहीत आहे? लाडकी बहीण योजनेचा फलक प्रत्येक ग्रामपंचायतीवर आहे. प्रतिपालक कुटुंब हवं आहे असा फलक तुम्ही कधी पाहिला? "लोक पुढे येत नाहीत" हे वाक्य सरकारी बैठकीत सहज बोललं जातं. पण मुळात लोकांना विचारलंच कुणी? कंत्राटी समाजसेवकांच्या हातात शेकडो फायली असतात, कंत्राट संपलं की माणूस बदलतो, आणि मासिक पाहणीचा नमुना टेबलावरच भरला जातो. देखरेख कमकुवत असेल तर विरोधकांची सुरक्षिततेची हरकत खरी ठरेल, आणि तेव्हा मी त्यांच्या बाजूनं बोलेन. म्हणून आधी माणसं नेमा, कायम नेमा, मग कुटुंबं शोधा. हे उलट क्रमानं केलं तर एक वाईट प्रकरण होईल आणि सगळी कल्पनाच बदनाम होऊन फायलीत जाईल.

गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव. बहुतेक गावांत ती वहीत आहे. तिनं यंदा दोनच कामं करावीत. दिवाळीनंतर ट्रॉल्या निघायच्या आधी, कोणतं पोर कुणाकडे राहणार याची यादी करावी, आणि सांभाळणारी म्हातारी बालसंगोपनाला पात्र असेल तर तिचा अर्ज तिथेच भरून घ्यावा. दुसरं, ज्यांच्या घरात जागा आहे आणि मनात आहे अशी दोन-तीन नावं, त्यांना विचारून, बाल संरक्षण कक्षाला पाठवावीत. जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत. एकेका तालुक्यातून पाच कुटुंबं मिळाली तरी चाळीस होतात. चप्पल लहान होणारी चाळीस पोरं या जिल्ह्याच्या बालगृहांत सापडायला अडचण येणार नाही.

यावर "पण परत जाताना रडतील की" असं कुणी म्हणालं, तर त्याला माझं एवढंच विचारणं आहे की आज ती कुणाजवळ रडतात, ते त्यानं बघून आलंय का?